खंजिरी आणि गिटार : उद्याचे संगीत कोणाचे?

बी. ए. भाग २

स्नेहसंमेलनाच्या तयारीत यंदा आमच्या वर्गात दोन तट पडले. एकाला रॉक बँड हवा होता, दुसऱ्याला मातीतले काहीतरी. वाद वाढत जाऊन पुढे रॉक टिकेल की देशोदेशीच्या लोकसंगीताला, म्हणजे ‘वर्ल्ड म्युझिक’ला, जास्त मान मिळेल, येथवर आला. मी मात्र गप्प होतो. माझे वडील गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतात, हे सांगायची मला लाज वाटली. त्या लाजेपोटीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणजे काय ते पाहू. हा कोणत्याही एका देशाचा गायनप्रकार नव्हे. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका येथील ध्वनिमुद्रिका दुकानात कोणत्या कप्प्यात ठेवाव्यात, या अडचणीतून १९८७ साली लंडनमध्ये काही कंपन्यांच्या लोकांनी ठरवलेले हे नाव आहे. २०२० साली ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेनेही ते टाकून ‘ग्लोबल’ हा शब्द घेतला. म्हणजे नाव दुकानाचे. संगीत मात्र त्या त्या गावचे.

मग रॉक कोठून आले? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कपाशीच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांतून ‘ब्लूज’ जन्माला आले आणि ब्लूजमधून पुढे रॉक. मडी वॉटर्स हा गायक अशाच एका मळ्यावर मजूर होता. १९४३ साली तो शिकागोला गेला. तेथील गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार धरली. त्याच्याच एका गाण्यावरून इंग्लंडमधील तरुणांनी १९६२ साली आपल्या बँडचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवले.

कपाशीचे कष्ट वऱ्हाडी वाचकाला काय सांगावे! १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मोठा भाव आला होता. पीक एकच, दिवसभर राबून रात्री गाणारी माणसेही दोन्हीकडे होतीच.

आपल्याकडे या गाण्याला खंजिरीची साथ मिळाली. लाकडी कड्यावर ताणलेले कातडे आणि खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या, एवढेच हे वाद्य. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) याच वाद्यावर भजने गाऊन खेडोपाडी जागृती केली. मोझरीचे गुरुकुंज त्याची साक्ष आहे. खंजिरीची दक्षिणेतील बहीण कंजिरा. २०२४ साली ग्रॅमी मिळवणाऱ्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदात व्ही. सेल्वागणेश कंजिरा वाजवत असत आणि त्यांच्या शेजारी जॉन मॅक्लॉफलिन विजेची गिटार! आम्ही वर्गात ज्यांची भांडणे लावली, ती वाद्ये तेथे एकाच मंचावर नांदत होती.

भविष्याविषयी मला वाटते ते असे : रॉक संपणार नाही, पण त्याचे राज्य ओसरले आहे. खुद्द अमेरिकेत २०१७ साली हिप-हॉप आणि आर अँड बी यांनी ऐकले जाण्यात त्याला मागे टाकले. पुढे रॉकही जगातील अनेक संगीतांपैकी एक होईल. कोणते संगीत टिकेल, हे केवळ किती लोक ऐकतात यावर नाही, तर किती लोक स्वतः वाजवतात यावर ठरेल.

सुटीत मी वडिलांना मोबाईलवर ‘शक्ती’चे वादन ऐकवले. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “लय भारी हाय थे. पण आपल्या मंडळात माह्या मागं कोन वाजोते, सांग बरं?”

मला उत्तर देता आले नाही. आमच्या मंडळात पन्नाशीच्या आतला एकही वाजवणारा नाही. ही माणसे थकली, तर आमच्या गावची खंजिरी कोणत्याही पुरस्काराने वाचणार नाही. त्या रात्री मी वडिलांच्या शेजारी बसलो. पहिल्याच भजनात ताल चुकला, बोटे सुजली. पण आता दर शनिवारी गावी जातो. पुढच्या स्नेहसंमेलनात मी गप्प बसणार नाही. गिटारवाल्या मित्रांनाही आताच सांगून ठेवतो : शेजारी एक जागा राखून ठेवा.