निजेचा पंचनामा

घोरणे हा असा गुन्हा आहे की ज्याची फिर्याद नेहमी दुसऱ्यानेच करावी लागते. आरोपी घटनेच्या वेळी गाढ निजलेला असतो, आणि साक्षीदार रात्रभराच्या जागरणाने इतका त्रासलेला असतो, की त्याच्या जबानीत वस्तुस्थिती किती आणि संताप किती याचा निवाडा घरच्या घरी सहसा होत नाही. तो व्हावा म्हणून हल्ली मोठ्या रुग्णालयांत निद्रापरीक्षणाची खोली असते. पुण्यातील अशा एका खोलीचे कामकाज रीतसर परवानगी काढून मी पाहिले.

तपासणीस आलेले गृहस्थ पन्नाशीचे, सरकारी कचेरीतील अव्वल कारकून; मान आखूड, मिशा भरघोस. तंत्रज्ञ मुलीने पहिला प्रश्न त्यांना न विचारता त्यांच्या पत्नीस विचारला. "काकू, घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडतो का?"

"पडतो ना! आणि मग मलाच धास्ती वाटते. हलवून बघते."

"मला तर बुवा शांत झोप लागते," काका म्हणाले. कचेरीत दुपारी फायलीवर डोके टेकते, ही हकिकत मात्र त्यांनी नाकारली नाही.

पुढील पाऊण तास जे चालले ते एखाद्या निष्णात कारागिराचे काम होते. फितीने डोके मापून तिने रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवरची त्वचा रवाळ मलमाने घासली, कारण तेलकट कातडीवर विद्युत्संदेश नीट उमटत नाहीत, आणि मग चिकट लेपात बुडवलेल्या चिमुकल्या वाट्या केस बाजूला सारून बसवल्या. डोळ्यांच्या कडांना, हनुवटीखाली, पोटऱ्यांच्या पुढच्या अंगाला तारा. छाती व पोट यांवर दोन पट्टे. नाकपुड्यांशी बारीक नळी. बोटावर प्राणवायू मोजणारा चिमटा. गळ्यावर घोरण्याची नोंद घेणारा मणी. नंतर शेजारच्या खोलीत बसून तिने ध्वनिक्षेपकावरून आज्ञा दिल्या. "काका, डोके न हलवता वर बघा. आता दात आवळा. श्वास रोखून धरा." प्रत्येक आज्ञेसरशी पडद्यावरची नेमकी कोणती रेघ हलते हे ती ताडून पाहत होती.

दिवा मालवल्यानंतर काही वेळातच घोरणे सुरू झाले. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग ताणून उघडा धरतात. निद्रेत ते सैलावतात, जीभ मागे सरते, आणि अरुंद झालेल्या वाटेतून वेगाने जाणारी हवा टाळूचा मागचा मऊ भाग व पडजीभ यांना फडफडवते. वाट अरुंद होण्याची कारणे अनेक. मानेभोवतीची चरबी, चोंदलेले नाक किंवा त्यातील वाकडा पडदा, मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल, रात्रीचे मद्य, झोपेच्या गोळ्या, आणि उताणे निजणे. घोरणारा माणूस लठ्ठच असतो ही समजूत मात्र खोटी. लहान, मागे गेलेल्या जबड्याचा सडपातळ इसमही उत्तम घोरतो.

मध्यरात्रीच्या सुमारास काका उताणे झाले. आवाज चढत गेला आणि एकाएकी तुटला. नाकाची रेघ सपाट झाली, पण छातीचा व पोटाचा पट्टा हलतच होता, आणि तोही परस्परविरुद्ध: एक फुगे तेव्हा दुसरा आत जाई. म्हणजे प्रयत्न चालू, वाट बंद. काही सेकंदांनी प्राणवायूचा आकडा उतरू लागला. मग मेंदूची रेघ खवळली, मोठा फुरफुराट झाला आणि काका कुशीवर वळले, न जागता. दहा सेकंद वा अधिक असा खंड पडला की तो एक प्रसंग. तासाला तीस किंवा जास्त प्रसंग म्हणजे व्याधी तीव्र. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया व सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन शहरी पुरुषांपैकी साडेसात टक्के या विकाराने ग्रस्त आढळले होते. रक्तदाब व हृदय यांच्याशी या विकाराचा संबंध असल्याने काकूंची धास्ती अनाठायी नव्हती.

ज्याचा केवळ आवाज होतो, श्वास अडत नाही, त्याच्यासाठी उपाय साधे आहेत: वजन उतरवावे, रात्रीचे मद्य सोडावे, नाकाचा इलाज करावा, उशाशी उंची द्यावी, कुशीवर निजावे. त्यासाठी कुडत्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची युक्ती जुनी आणि, हसू आले तरी, उपयुक्त आहे. खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधनही काहींना मानवते. जाहिरातीतल्या फवाऱ्यांवर पैसे खर्च करण्यापेक्षा प्रथम कारण शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काकांचे प्रकरण यापलीकडचे होते. उत्तररात्री तिने त्यांना मुखवटा बांधला. त्यातून मंद दाबाने हवा सोडून घसा आतून उघडा ठेवायचा, ही सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेली क्लृप्ती. चार सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून आरंभ करून ती एकेक पायरी चढवत गेली. रेघा हळूहळू एकसारख्या झाल्या, आणि पाहता पाहता डोळ्यांच्या तारांवर स्वप्नावस्थेची जलद हालचाल उमटली.

सकाळी गरम पाण्याने केसांतला लेप काढला गेला. मुलीचे निम्मे काम अद्याप बाकीच होते: सहा तासांच्या निजेची तीस-तीस सेकंदांची सातशे वीस पाने वाचून प्रत्येक प्रसंगावर खूण करायची, आणि मग अहवाल डॉक्टरांकडे. काकांना त्यात रस नव्हता. मुखवटा हातात फिरवत त्यांनी विचारले, "यासाठी मिशी काढावी लागेल काय?"

"मिशीमुळे हवा निसटते खरी," ती म्हणाली, "पण नुसता नाकपुड्यांत बसणारा प्रकारही मिळतो, काका. आधी तो लावून बघू."

"तोच दाखवा," काकू म्हणाल्या, "मिशी राहू दे."