इंग्रजी शब्दाआडचा चिनी शब्द

इंग्रजी पुस्तक कोणाच्या मदतीवाचून वाचायचे, तर ८,००० ते ९,००० शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि प्रत्यय लागून त्यापासून झालेली रूपे यांचे गट, परिचयाची असावी लागतात, असे न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली दाखवले. एवढा पल्ला गाठण्यासाठी चीनमधील असंख्य विद्यार्थी इंग्रजी-चिनी शब्दयाद्या चिकाटीने पाठ करतात. त्यांची खरी अडचण मात्र शब्दांच्या संख्येपेक्षा अर्थाच्या जडणघडणीत आहे.

इंग्रजीतील विद्वत्शब्द मुख्यतः लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून आले असल्यामुळे स्पॅनिशभाषकाला त्यांतील कितीतरी शब्द ओळखीचे वाटतात, चिनीभाषकाला तो आधार नसतो. चिनी भाषा असे शब्द रोजच्या शब्दांच्या जोडणीतून घडवते : न्युमोनिया म्हणजे ‘फेइयान’, अर्थात फुफ्फुस आणि दाह, हेपटायटिस म्हणजे ‘गानयान’, अर्थात यकृत आणि दाह. (मराठीतील फुफ्फुसदाह आणि यकृतदाह याच रीतीचे आहेत.) ‘हेपट’ म्हणजे यकृत आणि ‘आयटिस’ म्हणजे दाह एवढे उलगडून दाखवले, की शब्दाचे घटक ओळखण्याची विद्यार्थ्याची मातृभाषेतून लागलेली सवय इंग्रजीतही कामी येते, म्हणूनच धातू आणि प्रत्यय शिकवण्यात घातलेला वेळ सत्कारणी लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. गीयोम थिएरी आणि यानजिंग वू यांनी वेल्समधील बँगोर विद्यापीठात केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या चिनीभाषकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दाखवून त्यांचे अर्थ परस्परसंबद्ध आहेत का, एवढेच विचारले होते. काही जोड्यांच्या चिनी प्रतिशब्दांत एक अक्षरचिन्ह समान होते. उदाहरणार्थ, आगगाडी ‘हुओछे’ आणि खारवलेले डुकराचे मांस ‘हुओथुई’. त्यांच्या उत्तरांवर याचा परिणाम दिसला नाही, परंतु डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत् लहरींत फरक उमटला. समोर केवळ इंग्रजी असतानाही चिनी शब्द नकळत जागे होत होते.

मनोभाषाशास्त्रज्ञ नान ज्यांग यांच्या मते नवा परभाषिक शब्द बहुधा मातृभाषेतील तयार अर्थाला चिकटतो आणि प्रगत पातळीवरही तेथून सहजी सुटत नाही. ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ या दोहोंना चिनीत ‘हुआइयी’ चालतो, मराठीतही ‘संशय’ चालतो. परंतु त्याने चोरी केली हे ‘डाउट’ करणाऱ्याला ती त्याने केली नसावी असे वाटते, तर ‘सस्पेक्ट’ करणाऱ्याला केली असावी असे.

याद्यांच्या उजळणीसाठी चीनमध्ये हेर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या विस्मरणवक्राचा, म्हणजे काळाबरोबर स्मृती कशी ओसरते हे दाखवणाऱ्या आलेखाचा, आधार घेऊन वेळापत्रके आखली जातात. ठरावीक अंतराने उजळणी केल्यास शब्दाचे रूप स्मरणात टिकते हे खरे. पण एबिंगहाउस यांनी मुद्दाम निरर्थक अक्षरगट निवडले होते, आणि अर्थछटेचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. यादीतील प्रत्येक उजळणीत तोच चिनी प्रतिशब्द शेजारी उभा असल्यामुळे त्याची पकड उलट घट्ट होते; ती सैल होण्यासाठी तो इंग्रजी शब्द निरनिराळ्या वाक्यांत, निरनिराळ्या शब्दांच्या सोबतीने, वारंवार भेटावा लागतो.