योगायोग किती, परिणाम किती

साधारण हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीसेक बाळे जन्मतात. दर हजार जन्मांमागे ६० नवजात बालके पहिल्या २८ दिवसांत दगावत असतील, तर अशा गावात वर्षाला सरासरी दीड मृत्यू अपेक्षित असतो. प्रत्यक्षात कुठे एक होतो, कुठे दोन, कुठे चार, तर कुठे एकही होत नाही. संभाव्यतेचे गणित सांगते, की अशी ३९ गावे घेतली तर त्यांतल्या आठेक गावांत वर्षभर एकही नवजात मृत्यू होणार नाही आणि दोन-तीन गावांत चार किंवा त्याहून जास्त होतील. सगळ्या गावांतली परिस्थिती तंतोतंत सारखी असली तरीही हेच घडेल. एका वर्षाच्या आकड्यांवरून एका गावाला शाबासकी आणि दुसऱ्याला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे ठरू शकते. दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का, आणि परिणाम खरा असेल तर तो किती ते किती असू शकतो, हे दोन प्रश्न सोडवण्यासाठी संख्याशास्त्रात परिकल्पना परीक्षण आणि विश्वास अंतराल ही दोन साधने आहेत.

३९ गावांचा आकडा गडचिरोली जिल्ह्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात तेथे नवजात बालकांच्या घरोघरच्या सेवेचा प्रयोग केला. ३९ गावांत सेवा द्यायची आणि ४७ गावांत नेहमीची व्यवस्था तशीच राहू द्यायची, अशी त्याची आखणी होती. पहिली दोन वर्षे फक्त मोजणीत गेली. त्या काळात सेवेसाठी निवडलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता आणि तुलनेच्या गावांत ५८. म्हणजे सुरुवात जवळपास सारखीच होती. मग १९९५ पासून गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत महिला घरी जाऊन बाळाचे वजन करू लागल्या. त्या बाळाला ऊबदार ठेवायला आणि अंगावर पाजायला शिकवत, श्वास अडकलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. जन्म आणि मृत्यू यांची नोंद मात्र वेगळी माणसे करत होती. ही बारीक वाटणारी गोष्ट फार मोलाची आहे, कारण सेवा देणाऱ्याने स्वतःच्या यशाची मोजणी स्वतःच केली, तर पुढचे कोणतेही गणित त्या आकड्यांना वाचवू शकत नाही.

तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला दर हजारी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही निव्वळ घट ६२.२ टक्के होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा आकड्यांशेजारी कंसात लिहिले होते : पी ०.००१ पेक्षा कमी. त्या छोट्याशा कंसाचा अर्थ त्याच प्रयोगातल्या एका लहान उदाहरणावरून नीट कळतो.

आरोग्यदूतांचा उपचार सुरू होण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली होती, म्हणजे २७. उपचार सुरू झाल्यावर ७१ बाळांपैकी २.८ टक्के दगावली, म्हणजे २. शंका घेणारा म्हणेल, की औषधाने काहीच केले नाही, दुसऱ्या गटात सुदैवाने कमी मृत्यू झाले इतकेच. परिकल्पना परीक्षणाची सुरुवात हीच शंका खरी मानून होते. ‘उपचाराने काहीही फरक पडत नाही’ या गृहीतकाला शून्य परिकल्पना म्हणतात. ते सिद्ध करायचे नसते. ते खरे असते तर काय दिसले असते, ते पाहायचे असते.

ते पाहण्याची एक सरळ रीत आहे. दोन्ही गट मिळून बाळे २३४ आणि मृत्यू २९. उपचाराचा काहीच परिणाम नसेल, तर हे २९ मृत्यू कोणत्या गटात पडले ही केवळ नशिबाची बाब ठरते. तेव्हा २३४ चिठ्ठ्या कराव्यात, २९ चिठ्ठ्यांवर खूण करावी, साऱ्या पिसाव्यात आणि डोळे मिटून ७१ उचलाव्यात. त्यांत खुणेच्या चिठ्ठ्या सरासरी नऊच्या आसपास येतील. कधी सहा येतील, कधी बारा. दोन किंवा त्याहून कमी येण्याचा प्रसंग हजार वेळा पिसल्यावर जेमतेम एक-दोनदा येईल. गडचिरोलीत दोनच मृत्यू झाले होते. तेव्हा ‘सगळे नशिबाने झाले’ हे म्हणणे टिकवायचे, तर हजारात एक-दोनदा घडणारी गोष्ट नेमकी तेव्हाच घडली असे मानावे लागते. त्यापेक्षा ते म्हणणे सोडून देणे शहाणपणाचे. शून्य परिकल्पना नाकारली, असे म्हणतात ते हेच.

फरक नाहीच असे धरून, प्रत्यक्षात दिसला तितका किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने पडण्याची जी शक्यता निघते, तिला पी-मूल्य म्हणतात. या व्याख्येतला ‘फरक नाहीच असे धरून’ हा तुकडा पुष्कळदा गळतो आणि घोटाळा तिथेच होतो. पी-मूल्य ०.०१ म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता एक टक्का, असे अनेक जण, कित्येकदा डॉक्टरही, समजतात. तसा अर्थ त्यातून निघत नाही. गृहीतक आधीच खरे मानून काढलेला आकडा त्या गृहीतकाच्या खरेपणाची टक्केवारी सांगू शकत नाही. आकडेवारी त्या गृहीतकाशी किती विसंगत आहे, एवढेच तो सांगतो.

कोणत्या आकड्याखाली नाकारायचे, यासाठी ०.०५ ची, म्हणजे विसात एकची रेषा रूढ आहे. रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली. ती निसर्गाने आखून दिलेली नाही. या रेषेने चालायचे, तर फरक मुळीच नसताना वीस परीक्षणांत सरासरी एकदा ‘फरक आहे’ असा निर्वाळा मिळणार. ही पहिल्या प्रकारची चूक. दुसऱ्या प्रकारची चूक उलटी असते : फरक खराच असतो, पण परीक्षणाला तो दिसत नाही. समजा, उपचार मिळालेली बाळे ७१ ऐवजी १८ च असती आणि त्यांतले एक दगावले असते. टक्केवारी साडेपाचवर आली असती, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. तरी मृत्यूचे प्रमाण पूर्वीइतकेच, १६.६ टक्के, राहिले असतानाही १८ बाळांत एक किंवा शून्य मृत्यू होण्याची शक्यता सतरा-अठरा टक्के निघते. एवढ्यावर कुणी काही म्हणू शकत नाही. अशा वेळी ‘उपचाराचा उपयोग नाही असे सिद्ध झाले’ ही ओळ अहवालात येते आणि ती चुकीची असते. नमुना लहान होता, एवढेच खरे असते. आदिवासी भागांतल्या छोट्या वस्त्यांवर काम करणाऱ्यांना ही अडचण कायमची आहे, आणि चांगले काम आकड्यांत दिसत नाही म्हणून बंद पडण्याचा धोकाही खरा आहे.

परीक्षण फरक आहे की नाही एवढेच सांगते. तो किती, हे विश्वास अंतरालातून कळते. वरच्याच उदाहरणात मृत्यूचे प्रमाण १६.६ वरून २.८ वर, म्हणजे सुमारे पावणेचौदा टक्के-अंकांनी खाली आले. हा एका नमुन्यातला आकडा. दुसरी बाळे असती तर तो थोडा वेगळा आला असता. नमुन्यागणिक आकडा किती हलतो याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी, आणि येथे ती साडेतीन टक्के-अंक निघते. दोन्ही बाजूंना तिची जवळजवळ दुप्पट जागा सोडली, की ९५ टक्के विश्वास अंतराल मिळतो : साधारण ७ ते २१ टक्के-अंक. शून्य या पट्ट्यात नाही, म्हणजे परीक्षणाचा निकालही त्यातच आला. शिवाय सर्वांत सावध अंदाज घेतला तरी दर शंभर आजारी बाळांमागे सात वाचली, हे समजले. खर्च करायचा की नाही हे ठरवणाऱ्याला पी-मूल्यापेक्षा हा पट्टा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

९५ टक्के म्हणजे काय, हे येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडले. त्यांच्याच हाताखाली लंडनमध्ये संशोधन केलेले सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे भारतातील नमुना सर्वेक्षणाचे एक आधारस्तंभ झाले. नेमन यांच्या मांडणीत विश्वास असतो तो रीतीवर. तीच पाहणी शंभरदा केली आणि दर वेळी याच रीतीने पट्टा काढला, तर साधारण ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल. हातात असलेला एक पट्टा त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

पट्टा काय झाकतो आणि काय झाकत नाही, याचे उदाहरणही गडचिरोलीतच आहे. बंग दाम्पत्याने १९८९ मध्ये दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याविषयीची जगाची समजूत या अभ्यासाने बदलली. ६५० च्या नमुन्यावरून गणित केले तर अंतराल ९० ते ९४ टक्के असा अगदी अरुंद येतो. पण हा अरुंदपणा फक्त नमुन्यातल्या योगायोगापुरता आहे. गावे दोन होती. ती साऱ्या जिल्ह्याचे, साऱ्या देशाचे प्रतिनिधित्व करतात का, या प्रश्नाला हे सूत्र हातही लावत नाही. एकाच गावातल्या माणसांचे पाणी, अन्न, दवाखाना सारखे असतात, म्हणून त्यांच्याकडून मिळणारी माहितीही काही अंशी तीच तीच असते. गावे हे एकक धरून गणित केले तर पट्टा रुंद होतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात याच गणिताने वाघ मोजले जातात. ताडोबा-अंधारीसारख्या प्रकल्पांत जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने छायाचित्रावरून वाघ ओळखता येतो. समजा, पहिल्या फेरीत ४० वाघ टिपले गेले आणि दुसऱ्या फेरीत टिपलेल्या ४० पैकी ३२ आधीचेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीने एकूण वाघांपैकी सुमारे ८० टक्के गाठले होते आणि एकूण संख्या ५० च्या आसपास असावी. हा अंदाज आहे, म्हणून त्याला पट्टा असतो. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ आणि कंसात २७० ते ३५४ असे दिले होते. २०१४ मध्ये १९० आणि कंसात १६३ ते २१७. बातम्यांत कंस गळाला आणि ‘१२२ वाघ वाढले’ एवढेच राहिले. हे पट्टे एकेका प्रमाण त्रुटीचे धरले, तर वाढीचा ९५ टक्के अंतराल सुमारे २४ ते २२० वाघ असा येतो. वाढ झाली हे त्यावरून ठामपणे म्हणता येते. १२२ हा नेमका आकडा मात्र तितक्या ठामपणे सांगता येत नाही. त्यातही दुसऱ्या गणनेत अधिक क्षेत्र आणि अधिक कॅमेरे असतील, तर वाढीचा काही भाग शोध चांगला झाल्याचा असू शकतो. वाघांच्या बातमीत कंस छापायलाच हवा. त्याला एका ओळीचीही जागा लागत नाही.

गडचिरोलीच्या नवजात सेवेच्या प्रयोगावरही एक रास्त आक्षेप होता. कोणत्या गावाला सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. दोन वर्षांच्या आधीच्या मोजणीने ही उणीव बरीच भरून निघाली, तरी पूर्ण नाही. अशा शंकेला एकाच आकडेवारीवर आणखी गणित करून उत्तर मिळत नाही. तोच प्रयोग दुसऱ्यांनी, दुसरीकडे, अधिक काटेकोरपणे करून पाहावा लागतो. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात तसा प्रयोग झाला. तेथे गावांचे गट चिठ्ठीपद्धतीने वाटले होते आणि निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. घरोघर सेवेच्या गटात मृत्यूचा धोका तुलनेच्या गटाच्या ०.६६ पट होता आणि विश्वास अंतराल ०.४७ ते ०.९३ होता. येथे ‘फरक नाही’ म्हणजे १. तो पट्ट्याबाहेर राहिला. घरी न जाता केवळ सभा-बैठकांतून शिकवण देणाऱ्या तिसऱ्या गटाचा आकडा ०.९५ आणि अंतराल ०.६९ ते १.३१ आला. १ पट्ट्याच्या आत होता, त्यामुळे नुसत्या बैठकांनी मृत्यू कमी झाले असे म्हणता आले नाही. सिल्हेटमधली सुमारे ३४ टक्क्यांची घट गडचिरोलीच्या ६२ टक्क्यांपेक्षा कमी आहे, पण दिशा तीच.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या घरभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ पासून हे काम आशा कार्यकर्तींकडे दिले. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर आशाने सहा वेळा आणि घरी जन्मले असेल तर सात वेळा त्या घरी जायचे असते. शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते.