वॉरफरिन, व्हिटॅमिन डी आणि आपल्या राज्याचे विद्यापीठ

आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात जेवणाची ताटे हातात आली की हायस्कूल संपवणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा विषय ठरलेला असतो: कोणाचा अर्ज कुठे गेला आणि कोणत्या कॉलेजचा नंबर कितवा. पूर्व किनाऱ्यावरची खासगी विद्यापीठे आधी येतात आणि राज्याचे सरकारी विद्यापीठ ‘तेही आहेच’ म्हणून शेवटी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, आम्ही मॅडिसनला राहतो, त्यामुळे विस्कॉन्सिन विद्यापीठाबद्दल मला थोडी आपुलकी वाटते हे आधीच सांगून टाकतो. पण आरोग्य आणि पैसा या सदरात विद्यापीठाचे काय काम, असे वाचकांना वाटेल, म्हणून सुरुवात औषधाच्या कपाटापासून करतो.

माझ्या सासूबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे आणि त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. या जातीच्या गोळ्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे वॉरफरिन. तिची जन्मकथा अशी. १९३३च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, डीअर पार्क गावचा एक शेतकरी जवळजवळ दोनशे मैल गाडी चालवत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारे रक्त आणि कुजलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ गवताचा भारा. शनिवार होता, सरकारी पशुवैद्याचे ऑफिस बंद, म्हणून तो विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या बायोकेमिस्टच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचला. गवत खाऊ घालू नका, यापलीकडे त्याला त्या दिवशी काही सांगता आले नाही. मात्र लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या प्रश्नामागे लागले आणि सहा वर्षांनी, १९३९ साली, गवतातले रक्त गोठू न देणारे द्रव्य स्फटिकरूपात हाती आले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ साली बाजारात आले, ते उंदरांचे विष म्हणून! माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४ साली, आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही ते दिले गेले. ही हकीकत ऐकून सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मी रोज उंदराचे औषध खाते होय?” मात्रेचा फरक आहे, असे सांगून मी वेळ मारून नेली.

भारतातून आईवडील राहायला येतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो. (मी डॉक्टर नाही, डॉक्टरांनी आम्हाला सांगितले तेच सांगतो आहे.) भारतात पुष्कळ रुग्णांना वॉरफरिनऐवजी अ‍ॅसिट्रॉम दिले जाते. ते याच कुळातले आहे, पण अमेरिकेत विकत मिळत नाही आणि दोन्हींची मात्रा एकसारखी नाही. तेव्हा मुक्काम पुरेल एवढा साठा आणि प्रिस्क्रिप्शन सोबत आणावे, आणि इथे गोळी बदलायची वेळ आलीच तर डॉक्टरांनीच बदलावी. दुसरे, ही गोळी शरीरातल्या व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणते आणि ते व्हिटॅमिन हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण प्रमाण सारखे राहायला हवे. आठवडाभर भाजी नाही आणि रविवारी मेथीची जुडी आणि पालकाची ताकातली भाजी एकदम, असे झाले की आय.एन.आर.चा आकडा हलतो. २०१० नंतर नव्या गोळ्या आल्या, त्यांना ही वारंवार तपासणी लागत नाही. परंतु धातूच्या झडपेसाठी अजून वॉरफरिनच्या कुळातलेच औषध लागते.

आता या नावातली गंमत. इंग्रजीत वॉरफरिनची पहिली चार अक्षरे म्हणजे ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ची आद्याक्षरे. लोक या संस्थेला ‘वॉर्फ’ म्हणतात, आणि इथून पैशाची गोष्ट सुरू होते.

हॅरी स्टीनबॉक हे इथलेच प्राध्यापक. १९२३-२४च्या सुमारास त्यांना आढळले की खाद्यपदार्थांवर अतिनील किरण टाकले तर त्यांत व्हिटॅमिन डी तयार होते, आणि मुडदूस झालेले उंदीर ते खाऊन बरे होतात. त्या काळी मुलांमध्ये मुडदूस सर्रास दिसे. क्वेकर ओट्स कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी जवळजवळ दहा लाख डॉलर देऊ केले. स्टीनबॉकनी नकार दिला. पेटंटचा अर्ज स्वतःच्या खिशातून केला आणि ते सांभाळायला माजी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १९२५ साली वॉर्फ उभी केली. पेटंटचा पैसा पुन्हा विद्यापीठाच्या संशोधनात घालायचा, ही व्यवस्था आजही चालू आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी पुढे हीच वाट धरली.

यात सगळेच गोड होते असे नाही. लोण्याऐवजी गरीब माणूस मार्गारीन खात असे. पण मार्गारीनवाल्यांना वॉर्फने परवाना नाकारला, कारण विस्कॉन्सिनच्या दूधवाल्यांचे नुकसान झाले असते. ज्यांच्या मुलांना व्हिटॅमिन डीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच ताटात ते पोचू दिले नाही! १९४०च्या दशकात न्यायालयाने ही पेटंटे रद्द ठरवली. मला स्टीनबॉकबद्दल आदर आहे, पण न्यायालयाचा निकाल योग्य वाटतो.

याच आवारातले स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातली स्निग्धता मोजण्याची सोपी चाचणी काढली आणि तिचे पेटंट घेतलेच नाही. तोवर दूध वजनावर विकत घेत, त्यामुळे पाणी घालणारा फायद्यात आणि प्रामाणिक शेतकरी तोट्यात. ज्यांचे बालपण गावाकडे गेले, त्यांना दूध डेअरीवर ‘आज फॅट किती लागली?’ हा प्रश्न आठवत असेल. आपल्याकडे त्यासाठी गर्बरची पद्धत रूढ झाली, पण तत्त्व तेच: तीव्र आम्लाने बाकीचे विरघळवायचे, यंत्रात फिरवायचे आणि वर आलेली चरबी मोजायची.

व्हिटॅमिन डी सोडण्यापूर्वी एक सूचना. सावळ्या त्वचेत सूर्यप्रकाशापासून ते कमी तयार होते आणि इथल्या हिवाळ्यात ऊन असूनही जवळजवळ होतच नाही. शाकाहारी घरांत मासे नाहीत, अंडी नाहीत. इथल्या दुधात ते घातलेले असते, पण प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट (सत्तरीनंतर ८००) आणि एका कपात साधारण १०० ते १२०. वार्षिक तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नका, जास्तीचाही त्रास होतो.

याशिवाय काय काय? आपले हरगोविंद खुराना १९६० ते १९७० या काळात मॅडिसनलाच होते आणि जनुकीय संकेताच्या उलगड्यासाठी त्यांना १९६८ साली नोबेल मिळाले ते इथे असताना. ज्या द्रावणामुळे प्रत्यारोपणासाठी काढलेले यकृत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त तास टिकते, त्याला जगभर विस्कॉन्सिनचेच नाव आहे. मानवी भ्रूणातल्या मूळ पेशी प्रथम वेगळ्या करून वाढवल्या त्या १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी. हवामानाच्या उपग्रहावरून पृथ्वीची सलग चित्रे घेणारा कॅमेरा व्हर्नर सुओमी यांचा, १९६६चा. दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात पाच हजारांहून अधिक संवेदक पुरून न्यूट्रिनो पकडणारी आइसक्यूब वेधशाळा २०१० साली पूर्ण झाली, तिचेही नेतृत्व इथले. आमच्या धंद्यातले म्हणाल तर रिकाम्या पडलेल्या कॉम्प्युटरांकडून काम करून घेणारी ‘काँडॉर’ प्रणाली इथे १९८०च्या दशकात तयार झाली.

मग खर्चाचे काय? २०२४-२५ साली राज्यातल्या रहिवाशांना इथली फी वर्षाला सुमारे १२,००० डॉलर होती, बाहेरच्यांना ४०,००० हून अधिक. मिनेसोटातल्या आपल्या मंडळींना दोन राज्यांमधल्या करारामुळे बाहेरच्यांपेक्षा बरीच कमी पडते. रहिवासी कोणाला म्हणायचे याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी अर्जापूर्वी वर्षभर आधीच विद्यापीठाला लेखी विचारावे. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांची फी बहुधा माफ असते आणि वर निर्वाहापुरता पगार मिळतो, हे आपल्यातल्या पुष्कळांना भारतातून येताना माहीत होते. इथे वाढलेल्या मुलांना मात्र सांगावे लागते. पदवीच्या मुलांनाही प्रयोगशाळेत काम मिळते, पण प्राध्यापकाला स्वतः जाऊन भेटावे लागते. लाजून वसतिगृहात बसणाऱ्याला कोणी बोलवायला येत नाही.

मॅडिसनला मुलांना घेऊन आलात तर बॅबकॉक हॉलमध्ये नक्की जा. तिथे विद्यापीठाच्या डेअरीचे आइस्क्रीम मिळते. सासूबाईंना व्हॅनिला आवडले, पण आमच्या पुण्याच्या मस्तानीची सर नाही म्हणाल्या.