विमानातील हवा आणि साथीचे रोग

बंगळूरच्या पूर्वेस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीजवळ, मारतहळ्ळी ही वस्ती आहे. या विमान-कारखान्याचा पाया सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1940 साली घातला. तेथे तयार झालेल्या ‘मारुत’ विमानाने 1961 साली पहिले उड्डाण केले. या विमानावरूनच वस्तीस हे नाव पडले असे पुष्कळ लोक सांगतात. मारुत म्हणजे वारा. आणि साथीच्या काळात विमानप्रवास निर्धोक कसा करावा, या प्रश्नाचे उत्तरही बव्हंशी वाऱ्यातच दडलेले आहे.

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ जहाजांतून मुंबईस आली व आगगाडीने देशभर पसरली. आज रोगजंतू काही तासांतच खंड ओलांडतात. म्हणूनच कोविडच्या साथीत 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने बंद ठेवावी लागली.

रोगी श्वास सोडतो, बोलतो वा खोकतो, तेव्हा असंख्य सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. त्यांतील अतिलहान थेंब हवेत तरंगत राहतात. उडत्या विमानात हवा छताकडून येते व पायांजवळून बाहेर ओढली जाते. तीपैकी सुमारे निम्मी हवा बाहेरची ताजी असते. उरलेली दाट गाळणीतून पुन्हा आत येते. ही गाळणी 0.3 मायक्रोमीटर व्यासाचे शेकडा 99.97 कण अडविते. तासाभरात हवा वीस ते तीस वेळा पालटते.

परंतु हे यंत्र थांबले तर काय होते, हे 1977 साली अलास्कात दिसून आले. यंत्रातील बिघाडामुळे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवर अडकून पडले आणि त्या वेळी वायुवीजन बंद होते. आत इन्फ्लुएंझाचा एक रोगी होता. पुढील तीन दिवसांत शेकडा 72 प्रवासी आजारी पडले.

यंत्र चालू असले तरी धोका सर्वस्वी टळत नाही. कारण शेजाऱ्याचा श्वास गाळणीपूर्वीच आपणांपर्यंत पोहोचतो. मार्च 2020 मध्ये लंडनहून हनोईस निघालेल्या विमानात एका रोगी प्रवाशापासून पंधरा जणांस संसर्ग झाल्याचे संशोधकांस आढळले. त्यांतील बाराजण त्याच्याच वर्गात बसले होते. त्या वेळी मुखपट्टीची सक्ती नव्हती.

यावरून प्रवाशाने काय करावे हे सहज कळते. नाक व तोंड पूर्ण झाकणारी, गालांस घट्ट बसणारी मुखपट्टी वापरावी. डोक्यावरील वाऱ्याची तोटी उघडी ठेवावी. शेजारी जेवत असता आपली मुखपट्टी काढू नये. हात साबणाने धुवावेत. 2008 पासून मारतहळ्ळीच्या प्रवाशांस विमानासाठी दूर देवनहळ्ळीस जावे लागते. त्या वाटेवरील बंद मोटार, तपासणीची रांग आणि उतरतानाची दाटी यांत विमानाइतकी चांगली गाळणी नसते, हे ध्यानात ठेवून मोटारीच्या खिडक्या उघडाव्यात व रांगेत अंतर राखावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र सर्वांत साधा आहे : ताप वा खोकला असता प्रवास पुढे ढकलावा. एक तिकीट वाया जाईल. पण शेजारच्या आसनावरील अनोळखी माणसाचा जीव कदाचित वाचेल.