दुकानाची पाटी आणि संरक्षित वास्तू : माहूरच्या संदर्भात परवानगीचा विचार

माहूर येथील रेणुकादेवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस ओटीचे साहित्य, खण, नारळ, हळदकुंकू आणि देवीचा प्रसाद म्हणून प्रसिद्ध असलेला तांबूल विकणारी दुकाने आहेत. आश्विन नवरात्रात व दत्तजयंतीच्या सुमारास येथे दूरदूरचे यात्रेकरू येतात. परगावच्या, घाईत असलेल्या गिऱ्हाइकास आपले दुकान ओळखता यावे, यासाठी दुकानदाराजवळ पाटी हेच प्रमुख साधन असते. पण याच परिसरात डोंगरावरील जुना किल्ला आहे, राष्ट्रकूटकालीन मानली जाणारी पांडवलेणी आहेत आणि मंदिराची प्राचीन वास्तूही आहे. तेव्हा पाटी कोठे लावावी, केवढी लावावी आणि कोणाच्या परवानगीने लावावी, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी त्यात एका बाजूस लहान व्यापाऱ्याची उपजीविका आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा निर्माण न होणारी वास्तुसंपदा गुंतलेली आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची कायदेविषयक बाजू मांडून, मुंबईतील एका अनुभवाच्या आधारे त्याची उकल कशी होऊ शकेल, याचा विचार केला आहे.

प्रथम संरक्षणाची परंपरा पाहू जाता असे दिसते की, मराठवाड्यातील वास्तूंचे संरक्षण उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळ्या वाटेने आले. हैदराबाद संस्थानात १९१४ साली गुलाम याजदानी यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि १३३७ फसलीत, म्हणजे इ. स. १९२७-२८ च्या सुमारास, प्राचीन स्मारकांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. या संक्रमणात जुन्या यादीतील काही स्मारके राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून केंद्राकडे गेली आणि इतर राज्याकडे राहिली. म्हणून या विभागातील कोणत्याही वास्तूविषयी पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की, तिची नोंद कोणत्या यादीत आहे. परवानगीची पुढील सारी वाट या एका उत्तरावर ठरते.

वास्तू केंद्राच्या यादीत असल्यास १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम लागू होतो. त्याखालील १९५९ च्या नियमांपैकी आठव्या नियमान्वये, पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्यावाचून स्मारकाच्या हद्दीत माल विकण्यास, गिऱ्हाईक बोलावण्यास किंवा कोणत्याही स्वरूपाची जाहिरात लावण्यास मनाई आहे. पुढे २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून किमान १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापलीकडील किमान २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविण्यात आले, व राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची स्थापना झाली. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही; नियंत्रित क्षेत्रात सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन ते करता येते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. दुकानाच्या फळीवर रंगविलेले नाव आणि छतावर अथवा जमिनीत पाया घेऊन उभा केलेला लोखंडी सांगाडा या दोन्हींस व्यवहारात पाटीच म्हणतात. परंतु दुसऱ्या प्रकारची पाटी ही उभारलेली रचना असल्याने ती बांधकामाच्या व्याख्येत येण्याचा संभव असतो. स्मारकाचे विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा या अधिनियमात आहे.

वास्तू राज्याच्या यादीत असल्यास महाराष्ट्राचा १९६० चा याच विषयावरील अधिनियम लागू होतो व राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करावा लागतो. केंद्राच्या २०१० च्या दुरुस्तीतील मीटरांची मर्यादा राज्य-संरक्षित स्मारकांना आपोआप लागू होत नाही. हा फरक न कळल्यामुळे कोठे अकारण भीती, तर कोठे अकारण निर्धास्तपणा आढळतो. याशिवाय तिसरा वर्ग आहे. दोन्ही याद्यांत नसलेली, परंतु स्थानिक दृष्ट्या मोलाची अशी जुनी घरे, वाडे व बाजाररस्ते यांसाठी राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा-जतनाची तरतूद आहे व ही नियमावली नगरपंचायतींनाही लागू आहे. मात्र तिचा आधार वारसा-स्थळांची रीतसर प्रसिद्ध केलेली यादी हाच होय. जेथे यादी नाही तेथे तरतूद कागदावरच राहते.

पुरातत्त्व खात्याची संमती मिळाली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. माहूरसारख्या गावी रस्त्यावर वा रस्त्याच्या दर्शनी बाजूस लावावयाच्या पाटीसाठी नगरपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. भिंत वा जागा दुसऱ्याच्या मालकीची असल्यास त्या मालकाची, आणि देवस्थानची असल्यास देवस्थानची, लेखी संमती जोडावी लागते. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागेचे विनापरवाना विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५ चा स्वतंत्र राज्य अधिनियम आहे. पाटीवरील मजकुराचा विचार आणखी वेगळ्या कायद्यात येतो. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी नामफलक लावणे आवश्यक झाले असून, मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. त्याच दुरुस्तीने मद्यविक्रीच्या दुकानांस थोर पुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. हा कायदा पाटीवरील अक्षरांचे परस्परप्रमाण ठरवितो. पाटी केवढी असावी हे तो ठरवीत नाही. म्हणून मराठी अक्षरे मोठी करण्यासाठी संपूर्ण पाटीच मोठी करावी लागते, ही समजूत निराधार आहे. इतर लिपीतील अक्षरे लहान करूनही कायद्याचे पालन होते.

अर्ज करताना केवळ पाटीचे चित्र जोडणे पुरेसे नसते. वास्तूच्या संपूर्ण दर्शनी भागाचे छायाचित्र, त्यावर पाटीची जागा दाखविणारा मोजमापांसह आराखडा, पाटीचे साहित्य, दिव्यांची योजना आणि ती भिंतीस कशी बसविणार याचा तपशील, यांवरूनच निर्णय करता येतो. यांपैकी शेवटची बाब सर्वांत दुर्लक्षित, परंतु सर्वांत महत्त्वाची आहे. जुन्या दगडी भिंतीत लोखंडी खिळा ठोकला असता पावसाळ्यात त्यास गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने तो आतून दाब देतो आणि दगड तडकतो. पाटी काढल्यावरही ही जखम राहते. म्हणून आधार घ्यावयाचाच झाल्यास तो दगडात न घेता दोन दगडांमधील चुन्याच्या सांध्यात घ्यावा आणि धातू न गंजणारा असावा. सांधा पुन्हा भरता येतो; दगड पुन्हा घडविता येत नाही.

आतापर्यंत पाहिलेल्या परवानग्या प्रत्येक पाटीचा सुटासुटा विचार करतात आणि येथेच खरी अडचण उद्भवते. एका पाटीने मंदिराकडे वा किल्ल्याकडे जाणारी दृष्टी अडत नाही. पन्नास पाट्यांनी ती अडते. पण पन्नासावी पाटी नाकारावी, तर आधीच्या एकोणपन्नासांना परवानगी का दिली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नाही. शिवाय शेजाऱ्याने पाटी पुढे आणली की मागे राहिलेला दुकानदार दिसेनासा होतो आणि त्यालाही आपली पाटी पुढे आणणे भाग पडते. यात त्याचा दोष म्हणता येत नाही. एकट्याने पाटी लहान करणे म्हणजे त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक गमावणे होय.

ही कोंडी मुंबईच्या फोर्ट भागात कशी सुटली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील दादाभाई नवरोजी मार्ग, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडल्यावर विकसित झाला. त्यावरील इमारतींच्या तळमजल्यांवर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग सज्जा आहे. मुंबईत २१ एप्रिल १९९५ रोजी वारसा-नियमावली लागू झाली, तोवर या कमानी मोठमोठ्या नामफलकांखाली झाकल्या गेल्या होत्या. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या साहाय्याने, या रस्त्याची पाहणी करून पाट्यांसाठी मार्गदर्शिका तयार केली. तिचे मर्म असे की, पाटीची जागा मूळ वास्तुरचनेनेच सुचविलेली असते. कमानीच्या पोटात, दुकानाच्या दारावर पाटी लावल्यास ती पादचाऱ्यास समोरच दिसते आणि कमानीची रेषाही मोकळी राहते. नियम साऱ्या रस्त्यास सारखाच असल्याने शेजाऱ्याकडून मागे टाकले जाण्याचे भय उरले नाही आणि अनेक दुकानदारांनी आपल्या पाट्या बदलल्या. या उपक्रमाची यूनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा-पुरस्कारांत २००४ साली नोंद घेण्यात आली.

मुंबईचा व्यापारी मार्ग आणि माहूरच्या पायऱ्या यांत साम्य थोडे आहे, हे मान्यच करावयास हवे. माहूरला कमानींचा सज्जा नाही. तेथे चढण आहे, गर्दी आहे आणि वर्षातील मोजक्या दिवसांचा व्यापार आहे. तथापि त्या अनुभवातील तत्त्व येथेही लागू पडते. नगरपंचायत, देवस्थान, पुरातत्त्व खाते आणि दुकानदार यांनी एकदा एकत्र बसून संपूर्ण वाटेचा आराखडा केला, पाटीची उंची, पुढे येण्याची मर्यादा आणि दिव्यांचा प्रकार सर्वांसाठी एकच ठरविला, तर पुढील प्रत्येक अर्जाचा निर्णय त्या आराखड्याशी ताडून अल्प काळात करता येईल. दुकानदारास आज वेगवेगळ्या कचेऱ्यांत जे हेलपाटे घालावे लागतात, तेही त्यामुळे कमी होतील. विद्यापीठातील इतिहास, पुरातत्त्व व वास्तुशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांनी अशा वाटेची मोजमापे व छायाचित्रे घेऊन प्राथमिक पाहणी केल्यास या कार्यास मोलाचे साहाय्य होईल.

ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून माहूरची नोंद आहे. म्हणजे राज्यकारभाराचे ठाणे म्हणूनही या स्थानास जुनी प्रतिष्ठा होती. सत्ता बदलल्या, तरी यात्रा आणि तिच्यावर जगणारा बाजार चालू राहिला. हा बाजार येथील वारशाचाच एक भाग होय. परवानगीच्या नियमांचा हेतू त्यास हुसकावण्याचा नसून, वर जाणाऱ्या यात्रेकरूस दुकानही दिसावे आणि शिखरही दिसावे, एवढाच असावयास हवा.