तीन तासांचे नाट्यगृह आणि तीस वर्षांचे

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाने एक तीन अंकी नाटक बसवले होते. तालमी दीड महिना चालल्या. कधी रसायनशास्त्राच्या वर्गात बाके मागे सारून, कधी एका विद्यार्थ्याच्या घराच्या गच्चीवर. प्रयोगासाठी एक सार्वजनिक नाट्यगृह रात्रीच्या सत्राकरिता घेतले, अनामत भरली, पावती जपून ठेवली. प्रयोगाला चार दिवस उरले असता निरोप आला, त्या तारखेस सरकारी कार्यक्रम ठरल्याने आपले आरक्षण रद्द झाले आहे. मी तावातावाने तेथील कार्यालयात गेलो. कारकुनाने माझ्याच हातातील पावती उलटी करून माझ्यापुढे धरली. मागे बारीक अक्षरांत ती अट छापलेलीच होती.

"सर, आम्ही तुम्हाला जागा दिली नव्हती. वापरायची परवानगी दिली होती," तो शांतपणे म्हणाला.

त्या वेळी हे उत्तर मला उद्धटपणाचे वाटले. पुढे एका वकील मित्राला हा प्रसंग सांगितला, तेव्हा तो हसून म्हणाला की, कारकून कायद्याच्या दृष्टीने अक्षरशः बरोबर बोलला. या लेखाचा विषय त्या एका वाक्यातूनच निघाला आहे.

दुसऱ्याची जागा वापरण्याचे आपल्या कायद्यात मुख्यतः दोन मार्ग आहेत, आणि योगायोगाने दोन्ही १८८२ सालच्या कायद्यांत सांगितलेले आहेत. सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात परवान्याची म्हणजे लायसन्सची व्याख्या आहे. एरवी जे करणे अतिक्रमण ठरले असते ते करण्यास मालकाने दिलेली मुभा, एवढाच त्याचा अर्थ. जागेत आपला कसलाही हक्क निर्माण होत नाही आणि काही अपवाद सोडले तर मालक ती मुभा परत घेऊ शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०५ व्या कलमात भाडेपट्टा म्हणजे लीज येते. येथे ठरावीक मुदतीसाठी त्या जागेच्या उपभोगाचा हक्कच हस्तांतरित होतो. असा पट्टा एका वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर नोंदणीकृत दस्तऐवज हवा, हे त्याच कायद्याचे १०७ वे कलम सांगते. कागदाच्या मथळ्यावर 'परवाना' लिहिले की काम भागले, असेही नाही. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये मथळा बाजूला सारून, जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता आणि उभय पक्षांचा हेतू काय होता, हे पाहिले. आमच्या पावतीला मात्र कोणतेही न्यायालय वाचवू शकले नसते. ती तीन-चार तासांची परवानगी होती.

आपली बहुतेक सार्वजनिक नाट्यगृहे याच पद्धतीने चालतात. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडले. ते महानगरपालिकेचे, आणि सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांनी भाड्याने मिळते. व्यावसायिक नाटकाला ही पद्धत मानवते. त्यांची बस येते, नेपथ्य तासाभरात उभे राहते, प्रयोग होतो, बस पुढच्या गावाला जाते. हौशी आणि प्रायोगिक मंडळींची गरज वेगळी असते. त्यांना प्रकाशयोजना लावून पाहायला एक पूर्ण दिवस हवा असतो, फसलेला प्रवेश दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा करून पाहायचा असतो, आणि जेमतेम साठ प्रेक्षक आले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहायचे असते. सत्राच्या भाड्यात यातले काहीच बसत नाही.

म्हणून प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास हा पुष्कळसा जागांचा इतिहास आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि त्या साध्या सभागृहाचे नाव एका नाट्यचळवळीला मिळाले. पण शाळा ती शाळाच. पुढे ते सभागृह सुटले आणि १९९० च्या दशकात संस्थेने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. तेथे दोन दशकांहून अधिक काळ तालमी, प्रयोग, शिबिरे झाली. नगरपालिकेच्या इमारतीतले एखादे दालन नाटकवाल्यांच्या हाती राहिले तर काय होते, याचे हे मराठीतले ठळक उदाहरण.

दुसरे उदाहरण आपल्याला भाषेने नव्हे तरी राज्याने जवळचे. बंगळूरच्या जे. पी. नगरातील 'रंगशंकर'. शंकर नाग कन्नड चित्रपटांमुळे घरोघरी पोहोचले, तरी त्यांची नाटकाची गोडी मुंबईतल्या मराठी रंगभूमीवर वाढलेली होती. अरुंधती नागही मुंबईच्याच रंगभूमीवरून आलेल्या. बंगळुरात त्यांच्या 'संकेत' या संस्थेने जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही नाटके कन्नडमध्ये केली. (या अंकाच्या कन्नड विभागाच्या संपादकांना हे वाक्य मुद्दाम दाखवावे म्हणतो.) ३० सप्टेंबर १९९० रोजी शंकर नाग मोटार अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ नाट्यगृह उभारायचे ठरले, आणि त्यासाठी जमीन मिळाली ती नागरी सुविधांसाठी राखून ठेवलेल्या भूखंडांपैकी.

ही सोय समजून घेण्यासारखी आहे. बंगळूर विकास प्राधिकरण नवी वसाहत आखताना शाळा, दवाखाना, वाचनालय, रंगमंदिर अशा कामांसाठी काही भूखंड बाजूला ठेवते. ते विकत नाही; १९८९ च्या नियमांनुसार नोंदणीकृत संस्थांना साधारणतः तीस वर्षांच्या पट्ट्याने देते. जमिनीची मालकी सार्वजनिकच राहते. पट्टा हातात आला म्हणून नाट्यगृह उभे राहिले असे मात्र नाही. देणग्या गोळा करण्यात आणि बांधण्यात वर्षांमागून वर्षे गेली आणि पडदा उघडला तो ऑक्टोबर २००४ मध्ये. सुमारे ३२० आसने, आणि प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला रंगमंच.

माझ्या मते खरी गोष्ट त्यानंतरची आहे. सोमवार वगळता रोज एक नाटक, हा तेथील परिपाठ. नाटक सुरू झाले की दार बंद. उशिरा येणारा कितीही मोठा असो, बाहेरच राहतो. हे नियम कोणी करू शकतो? ज्याच्या हाती वर्षभराचे कॅलेंडर आणि दाराची किल्ली आहे तोच. सत्राने जागा घेणारा दार बंद करू लागला तर पुढच्या वेळी त्याला सत्रच मिळायचे नाही!

पण किल्लीबरोबर बिलेही येतात. छप्पर गळले तर कोणी दुरुस्त करायचे, वातानुकूलनाचा खर्च कोणाचा, अग्निशमनाचा दाखला दर वर्षी कोण आणणार, विमा कोण उतरवणार, हे सारे पट्ट्यात लिहिलेले असावे लागते. ते लिहिले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवतात. हौशी मंडळींचा उत्साह येथेच मोडतो, असा माझा अनुभव आहे. भूमिका करायला वीस जण पुढे येतात, विजेचे बिल भरायला रांगेत उभा राहणारा एकच असतो.

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो पोकळ नाही. सर्वांच्या पैशाने उभी असलेली जागा एकाच संस्थेच्या हवाली का करावी? तीही नाममात्र भाड्याने? महाराष्ट्राच्या १९४९ च्या महानगरपालिका कायद्यातील ७९ व्या कलमाचा सर्वसाधारण दंडकच असा आहे की, पालिकेची स्थावर मालमत्ता विकताना वा पट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा. दंडक योग्य आहे. तो नसता तर नाटकाच्या नावाखाली मंगल कार्यालये उभी राहिली असती. परंतु प्रायोगिक नाटक बाजारभाव कधीच देऊ शकणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून सवलतीच्या फायलीवर सही करताना अधिकाऱ्याचा हात लेखापरीक्षणाच्या भीतीने थबकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सवलतीच्या बदल्यात गावाला नेमके काय मिळणार ते संस्थेने कागदावर दाखवले पाहिजे. 'रंगशंकर'ने दिलेले उत्तर मला पटते. तेथे चालकसंस्था रोज आपलेच नाटक करीत नाही. तेथल्या बहुतेक तारखा इतर संस्थांच्या, अनेक भाषांतल्या नाटकांच्या असतात. पट्टा एकाच्या नावे, पण रंगमंच अनेकांचा. इतर संस्थांना वर्षाकाठी किती दिवस, किती भाड्याने, आणि तारखांचे वाटप कोणी करायचे, हे पट्ट्यातच लिहून घेता येते.

आमच्याही गावात एक बंद पडलेले सार्वजनिक सभागृह आहे. आत मोडकी बाके आणि जुन्या मतपेट्या पडून असतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही काही प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी मिळून ते पाहून आलो. मंच लहान आहे, पण उंची चांगली. मागे दोन खोल्या आहेत, आणि टाळी वाजवली तर आवाज घुमत नाही. आम्ही पाच वर्षांच्या पट्ट्यासाठी अर्ज केला. वर्षातले शंभर दिवस इतर मंडळांना, त्यांतले निम्मे कन्नड नाटकांना, असे त्यात आपणहून लिहिले. उत्तर एका ओळीचे आले: अर्जदार संस्था नोंदणीकृत आहे काय?

ती नव्हती. नाट्यमंडळ म्हणजे तालमीला येणारी मुले आणि त्यांना चहा पाजणारा मी. अशा जमावाच्या नावे पट्टा होत नाही. कर्नाटकाच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात. सहा सह्या झाल्या आहेत. सातवीसाठी कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी नियमावलीचा कन्नड मसुदा आधी वाचायला मागितला. तो तयार करण्याचे काम सध्या चालू आहे.